कामठीचे चौदा बिल्ले: ओळख आणि पडताळणीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

नागपूरजवळच्या कामठीच्या एका घरातून चौदा लष्करी बिल्ले ओळखीसाठी आले. काही टोपीवरचे, काही कॉलरचे, काही खांद्यावरचे. आजोबा महार रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते असं घरचे सांगतात. ती बटालियन कामठीतच उभी राहिली, त्यामुळे सांगण्यात वावगं काही नाही. कागद मात्र उरलेले नाहीत.

नातवाला खरं तर एकाच बिल्ल्याचं उत्तर हवं आहे. कोरेगावचा विजयस्तंभ आणि त्यावर आडवा 'महार' हा शब्द. घरात तो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलेला असायचा. गेल्या वर्षी त्याने फोटो कुणा जाणकाराला पाठवला आणि एका ओळीचं उत्तर आलं: ओतीव आहे, म्हणजे नकली. तेव्हापासून बिल्ला कपाटात गेला.

हे उत्तर मला पटत नाही. ते ब्रिटिश बिल्ल्यांच्या पुस्तकी नियमातून आलं आहे. इंग्लंडच्या कारखान्यांत पत्रा पोलादी डायमध्ये दाबून बिल्ले निघत, म्हणून तिथल्या पलटणीचा ओतीव बिल्ला दिसला की संशय घेणं बरोबर ठरतं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात सैन्य झपाट्याने वाढलं. तेव्हा इथल्या बाजारांत, छावणीजवळच्या ओताऱ्यांकडून बिल्ले ओतून घेतले जात आणि शिपाई तेच टोपीला लावत. इथल्या बिल्ल्याला तिथला नियम लावला तर खऱ्या वस्तू बाद होतात. हा प्रकल्प त्यासाठीच हाती घेते आहे.

१३ जानेवारी

दोन्ही बाजूंचे फोटो, तिरप्या उजेडात वेगळे फोटो. वजन, रुंदी, उंची, जाडी. प्रत्येकाला क्रमांक. काहीही पुसलं नाही, धुतलं नाही. नातवाने फोनवर विचारलं, "ताई, ब्रासो मारून देऊ का?" त्याला लगेच थांबवलं. मागच्या बाजूचा काळसर तपकिरी थर हा निम्मा पुरावा असतो.

१९ जानेवारी

आज फक्त कालखंड. धातूकडे वळण्याआधी मी नेहमी हे करते, कारण चिन्ह आणि अक्षरं एकमेकांशी जुळत नसतील तर पुढच्या चाचण्यांची गरजच उरत नाही.

पहिला आधार मुकुट. १९०१ ते १९५२ या काळात चार राजे होऊन गेले आणि त्यांच्या बिल्ल्यांवरच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल वर जातात, मध्ये खोलगट नसतात. एलिझाबेथ राणीच्या काळातला मुकुट वरच्या बाजूला मध्यभागी दबलेला असतो. भारत २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला, राणी गादीवर आली १९५२ मध्ये. म्हणून भारतीय सैन्याच्या बिल्ल्यावर तो दबलेला मुकुट असूच शकत नाही. बाजारात असे 'जुने' बिल्ले सर्रास मिळतात. फक्त एक काळजी घ्यावी लागते: व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानीही मध्ये उतरत्या असतात, तेव्हा १९०१ पूर्वीची वस्तू घाईत राणी एलिझाबेथच्या खात्यात टाकू नये.

दुसरा आधार पलटणीचे आकडे आणि नावं. इथे हिंदुस्थानी सैन्याचा इतिहास फार मदत करतो, कारण नावं वारंवार बदलली आणि प्रत्येक बदलाला तारीख आहे. सरसेनापती किचनेरच्या पुनर्रचनेत १९०३ मध्ये मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले, दहावी एकशेदहावी झाली. १९२२ मध्ये १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १९४५ मध्ये 'पाच' हा आकडाही गेला.

क्रमांक ६ हा छोटा बिगुल आहे, बहुधा कॉलरचा, आणि त्यावर ११० हा आकडा. म्हणजे १९०३ ते १९२२. ही पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली आणि असंख्य शिपाई कैदेत गेले. हा बिगुल त्यांच्यापैकी कुणाचा, हे बिल्ला सांगत नाही आणि मीही सांगणार नाही.

क्रमांक ९ खांद्यावरचा, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कॉर्प्सच्या, म्हणजे सैन्याला रसद पुरवणाऱ्या दलाच्या, आद्याक्षरांचा. 'रॉयल' हा मान १९३५ मध्ये मिळाला, १९५० मध्ये गेला. पंधरा वर्षांची खिडकी. बाकी विशेष काही नाही.

२६ जानेवारी

नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला आज लोकांसाठी उघडा होता. वर्षातून मोजक्याच दिवशी तो उघडतो. एरवी तिथे प्रादेशिक सेनेची ११८ वी बटालियन असते, ग्रेनेडियर्सची. गर्दी खूप, शाळांची मुलं, खाली बर्डीचा गजबजाट.

ग्रेनेडियर्सचं चिन्ह म्हणजे पेटता ग्रेनेड आणि त्यावर हॅनोव्हरचा पांढरा घोडा. हॅनोव्हर हे इंग्लंडच्या जॉर्ज राजांचं मूळ जर्मन घराणं. १९५० मध्ये मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले, पण हा घोडा राहिला. रेजिमेंटने तो आपला इतिहास म्हणून जपला. काळ ठरवताना याचा अर्थ असा की परकी राजचिन्ह दिसलं म्हणून बिल्ला १९५० पूर्वीचा ठरत नाही. क्रमांक ११ हा ग्रेनेडचा बिल्ला मी घोड्यामुळे जुन्या गटात ठेवला नाही. त्याला तारीख देणारं दुसरं काहीच नाही, त्यामुळे तो अनिर्णितच राहणार.

२ फेब्रुवारी

क्रमांक ३. दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींवर आडव्या, वर मुकुट. घरच्यांचा समज असा की हाही महार रेजिमेंटचाच. समज होण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये महार रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली, तिचं केंद्र कामठीला आलं, आणि बिल्ल्यावर स्तंभासोबत आडव्या व्हिकर्स गन आल्या. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली, गन राहिल्या.

पण क्रमांक ३ वर स्तंभ नाही आणि रेजिमेंटचं नावही नाही. नुसत्या दोन गन आणि राजाचा मुकुट हे ब्रिटिश मशीनगन कॉर्प्सचं चिन्ह. हे दल ऑक्टोबर १९१५ मध्ये उभं राहिलं आणि १९२२ मध्ये मोडलं. इतकं अल्पायुषी असल्यामुळे त्याच्या बिल्ल्यांना संग्राहकांत मागणी आहे, आणि मागणीमुळे नकलाही भरपूर. म्हणून जरा वेळ दिला.

मागची बाजू पाहिली. डायमध्ये दाबलेल्या बिल्ल्याची पाठ म्हणजे पुढच्या नक्षीचा उलटा ठसा: पुढे जिथे उंचवटा, मागे तिथे खोलगा. इथे गनच्या नळ्या मागून पन्हाळीसारख्या दिसतात, कडा स्वच्छ. गन आणि मुकुट यांच्यामधली मोकळी जागा पत्रा कापून काढलेली, आणि कापलेल्या कडेला भिंगाखाली एका दिशेने ओढल्याची बारीक रेघ. नकलांमध्ये ही जागा अनेकदा भरलेली राहते किंवा कानशीने साफ केलेली असते. टोपीत खोचायची उभी पट्टी झाळून बसवली आहे, आणि तिच्या टोकाकडचा भाग वापराने घासून उजळ झाला आहे. कारखान्याचा ठसा नाही. ही चांगली खूण समजते मी. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या बहुतेक बिल्ल्यांवर नाव नसतंच. उलट पट्टीवर ठसठशीत, कोरा 'जे. आर. गॉन्ट लंडन' असा शिक्का असेल तर दहा वेळा तपासावं. तो कारखाना खरा होता, त्याचे खरे शिक्केही आहेत, पण नकला करणाऱ्यांनी सर्वांत जास्त वापरलेलं नाव तेच.

निकाल: मशीनगन कॉर्प्स, डायचा, अस्सल. कामठीच्या घरात तो कसा आला ते माहीत नाही. छावणी १८२१ पासूनची आहे आणि गोऱ्या पलटणी तिथे येत-जात होत्या. यापुढे अंदाज करत नाही.

९ फेब्रुवारी

घनता. ही चाचणी घरी होते, बिल्ल्याला ओरखडा पडत नाही, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लोक बोलतात. म्हणून नीट लिहिते.

सराफी काटा लागतो, शतांश ग्रॅम दाखवणारा. आधी बिल्ल्याचं कोरडं वजन. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. बिल्ला बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा, पण तळाला आणि बाजूला टेकू द्यायचा नाही. काट्यावर जो आकडा येतो तो बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा, नाहीतर अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता कमी दिसते. नंतर बिल्ला लगेच टिपून कोरडा करायचा.

क्रमांक ३: १३.२० ग्रॅम, पाण्यात १.५०. घनता ८.८०. ब्रिटिश बिल्ल्यांचा नेहमीचा धातू म्हणजे तांब्याचं प्रमाण बरंच जास्त असलेलं पितळ, त्याच्याशी हा आकडा जुळतो.

क्रमांक १, महार: १७.९० ग्रॅम, पाण्यात २.१३. घनता ८.४०. साधं बाजारी पितळ, जस्त जास्त. भांड्यांचं, नळाच्या तोट्यांचं पितळ या घरात येतं. जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूची नक्कल ६.६ ते ६.७ च्या आसपास सापडते, आणि ती शक्यता इथे संपली.

शतांश ग्रॅमच्या काट्यावर एवढ्या लहान वस्तूला साधारण एक टक्क्याची चूक धरावीच लागते. दोन जवळच्या पितळांतला फरक मी यावरून ठामपणे सांगणार नाही. पितळ की जस्त, एवढं मात्र निश्चित सांगता येतं.

१५ फेब्रुवारी

नागपूरच्या इतवारीत गेले, भांडे ओळीच्या मागच्या गल्लीत. तिथले एक वयस्कर ओतारी काकाजी घंटा आणि देवांच्या मूर्ती ओततात, त्यांच्या वडिलांचाही हाच धंदा. बिल्ला हातात घेतला, उलटा केला, नखाने कड चाचपली.

"हे ओतेलच आहे ताई, त्यात काही वाद नाही. पण हे बिल्ल्यावरून ओतेल नाही, नमुन्यावरून ओतेल आहे."

"ते कसं ओळखलं काकाजी?"

त्यांनी दुकानातली एक लहान मूर्ती आणि तिच्यावरून वाळूत दाबून ओतलेली दुसरी मूर्ती शेजारी ठेवली. दुसरी किंचित लहान. पितळ निवताना दीड ते दोन टक्के आकसतं. चाळीस मिलिमीटरच्या वस्तूवरून ओतलेली नक्कल अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त लहान भरते, आणि नकलेची नक्कल आणखी लहान. जाणता कारागीर लाकडाचा किंवा धातूचा नमुना मुळातच थोडा मोठा कोरतो, म्हणजे निवल्यावर माप बरोबर येतं.

दुसरी खूण त्यांनी दाखवली ती मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. तयार बिल्ल्यावरून ओतलं की त्या बिल्ल्याची झीजसुद्धा ओतली जाते. अक्षरं गुळगुळीत दिसतात, पण भिंगाखाली त्या गुळगुळीत जागेवरही वाळूची बारीक रव्यासारखी खरखर असते, खोलग्यात असते तशीच. वापराने झिजलेल्या वस्तूत उंच जागेवरची खरखर पार जाते आणि फक्त खोलग्यात उरते. झीज आणि खरखर एकाच जागी असेल तर ती झीज त्या वस्तूची नाही.

क्रमांक १ वर 'महार' शब्दाच्या अक्षरांचे माथे आरशासारखे आहेत. अक्षरांच्या मधल्या खाचांत वाळूची खरखर स्पष्ट. शिवाय अक्षरांच्या कडांना छिन्नीचे लहान लहान घाव, म्हणजे ओतल्यावर कुणीतरी बसून कडा उठावदार केल्या. धातू आत शिरायच्या वाटेचा खुंट तळाशी कापून कानशीने सपाट केला आहे, आणि कानशीच्या रेघासुद्धा हाताळून बोथट झाल्या आहेत.

काकाजींनी पैसे घ्यायला नकार दिला. मागच्या दोन कड्यांचं झाळकाम पाहून म्हणाले, "हे डाग देणारा घाईत नव्हता."

२३ फेब्रुवारी

आज दिवसभर फक्त क्रमांक १ ची पाठ.

पाठ सपाट, किंचित खोलगट. तपकिरी थर एकसारखा नाही: दोन कड्यांच्या भोवती गडद, कडेला फिका. टोपीच्या कापडाला टेकणारी कड उजळ, न टेकणारा मधला भाग गडद, असाच तो असायला हवा. बनावट थर सहसा पुढे-मागे सारख्याच रंगाचा असतो, कारण वस्तू रसायनात बुडवलेली असते. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन कडेच्या एका बिंदूवर टेकवलं. बोळा स्वच्छ राहिला. लाख, वॉर्निश किंवा बूटपॉलिशने आणलेला रंग असता तर तो बोळ्यावर उतरला असता.

कड्या तांब्याच्या तारेच्या. आतल्या बाजूने, जिथे अडकवायची पिन सरकते तिथे, तार अर्धी झिजली आहे. ही झीज मला सर्वांत जास्त पटते. विकण्यासाठी नक्कल करणारा पुढची बाजू झिजवतो, कडीच्या आतली बाजू झिजवायला कुणी बसत नाही. स्तंभाच्या पायथ्याशी खाचेत पांढरट कोरडा चुरा आहे, वर्षानुवर्षांच्या पॉलिशचा. परेडच्या आधी बिल्ला चकाकला पाहिजे हा पलटणीचा शिरस्ता होता, आणि अक्षरांचे माथे झिजले तेही त्यानेच.

आता कालखंड. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला उभी राहिली, पहिली बटालियन बेळगावला, दुसरी कामठीला. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले होते आणि महारांची भरती पुन्हा सुरू व्हावी ही त्यांची जुनी मागणी होती. टोपीच्या बिल्ल्याची रचना कॅप्टन मॉर्टलमन्स यांनी केली: कोरेगावचा स्तंभ आणि त्यावर 'महार'. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं ज्या स्तंभावर कोरली आहेत, तो स्तंभ भरतीची दारं पुन्हा उघडताना शिपायाच्या कपाळावर आला. १९४६ मध्ये गन आल्या. म्हणजे गनविना नुसता स्तंभ ही रचना १९४१ ते १९४६ या पाच वर्षांची.

८ मार्च

क्रमांक १ बद्दल चौकशी करत असताना एका विक्रेत्याने '१११ महार्स'चा बिल्ला देऊ केला, किंमत पाच आकडी. ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. तिचं काहीही अस्सल मिळणं दुर्मिळ, आणि आपल्याकडे त्याचं मोल पैशांपलीकडचं आहे. म्हणूनच असा माल खपवणाऱ्यांचा मला राग येतो. लोक श्रद्धेने घेतात, भाव करत नाहीत, शंका घेत नाहीत.

बघायला आणू दिला हे बरं झालं. १४.६२ ग्रॅम, पाण्यात २.१९, घनता ६.६८. जस्त. कडेला पितळी मुलामा उडालेल्या जागी राखाडी धातू दिसत होता. दाबाने ओतायचं जस्त-ॲल्युमिनियमचं मिश्रण, झामॅक, १९२९ मध्ये बाजारात आलं. १९२१ मध्ये मोडलेल्या पलटणीच्या शिपायाने ते टोपीला लावलेलं नसणार. वस्तू परत केली आणि कारण लिहून दिलं.

दीक्षाभूमीजवळ किंवा कोरेगावला स्तंभाच्या प्रतिकृती, लॉकेट, बिल्ले विकले जातात, त्यात काहीही गैर नाही. ती प्रतिकृती म्हणूनच विकली जाते आणि अभिमानाने छातीवर लागते.

१६ मार्च

दोन छोट्या बाबी. घरच्यांचा एक नातेवाईक परदेशात आहे, त्याला ११० चा बिगुल पाठवायचा विचार होता. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२२ नंतरचा तो असूच शकत नाही, म्हणजे शंभरी उलटली आहे. पाठवू नये असं कळवलं.

साठवण: पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटातून काढले, त्यातून निघणाऱ्या द्रव्यांनी पितळ हिरवं पडतं. प्रत्येक बिल्ला बटर पेपरमध्ये, सोबत सिलिका जेलची पुडी, पावसाळ्यात पुडी बदलायची. हात लावताना सुती हातमोजे.

२९ मार्च

निकाल लिहून दिले. निश्चित, बहुधा आणि अनिर्णित हे तीनच शब्द वापरले, आणि प्रत्येकाखाली कारणं. ग्रेनेड धरून चार बिल्ले अनिर्णित. दोन उघड नव्या नकला, त्या वेगळ्या पाकिटात. बाकीचे बहुधा किंवा निश्चित.

क्रमांक १ चं कार्ड असं: "महार रेजिमेंट, टोपीचा बिल्ला, १९४१ ते १९४६ ची रचना. पितळ, वाळूत ओतलेला, स्वतंत्र नमुन्यावरून, छिन्नीने उठाव दिलेला. भारतीय बनावट. दीर्घकाळ वापरलेला. अस्सल: बहुधा, भक्कम आधारासह. मूळ मालकाचं नाव: कुटुंबाच्या सांगण्यावरून, कागद नाही."

नातवाने विचारलं, "निश्चित का नाही लिहिलं, ताई?" कारण याच नमुन्यावरून निघालेला दुसरा बिल्ला मी अजून पाहिलेला नाही. तो मिळाला, आणि वेगळ्या घरातून, वेगळ्या झिजेसह मिळाला, तर एकाच कारागिराकडून पलटणीसाठी अनेक बिल्ले एका वेळी ओतून घेतले होते हे दाखवता येईल. तेव्हा 'बहुधा' काढून टाकेन.

म्हणून मापं इथे देते. कामठी, नागपूर, बेळगाव, कुठेही कुणाच्या घरी गन नसलेला स्तंभाचा बिल्ला असेल तर वर्निअरने तीन मापं घ्यावीत: स्तंभाची पूर्ण उंची, 'महार' या शब्दाची पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंतची रुंदी, आणि मागच्या दोन कड्यांच्या मध्यांमधलं अंतर. क्रमांक १ ची मापं अनुक्रमे ४१.३, २६.८ आणि १९.५ मिलिमीटर. पहिली दोन मापं पाव मिलिमीटरच्या आत जुळली तर नमुना एकच असण्याची शक्यता मोठी. दोन्ही सारख्याच प्रमाणात दीड-दोन टक्के कमी भरली तर ती वस्तू अशाच एखाद्या बिल्ल्यावरून पुन्हा ओतलेली समजावी. कड्या हाताने बसवलेल्या असतात, त्यामुळे तिसरं माप थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. मोजण्याआधी पॉलिश करू नये.